लाखेच्या तबकडीतला सूर : केसरबाई केरकर यांच्या ध्वनिमुद्रिकांच्या निमित्ताने

अंत्रुज महालातील केरी या गावी १३ जुलै १८९२ रोजी जन्मलेल्या सुरश्री केसरबाई केरकर १६ सप्टेंबर १९७७ रोजी मुंबईत निवर्तल्या. त्याच्या अवघे अकरा दिवस आधी, ५ सप्टेंबर रोजी, अमेरिकेतून ‘व्हॉयेजर १’ हे अंतराळयान निघाले होते. त्याच्या जोडीचे ‘व्हॉयेजर २’ तर २० ऑगस्ट रोजीच मार्गस्थ झाले होते. या दोन्ही यानांवर सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची एकेक तबकडी बसविलेली आहे. पृथ्वीवरील संगीताचे जे सत्तावीस नमुने तीत कोरले आहेत, त्यांत ‘जात कहाँ हो’ ही केसरबाईंची भैरवी आहे. ही हकीकत आता आपल्या भागातील शाळकरी मुलांनाही ठाऊक झाली असून स्मरणिकांच्या पानांतून ती अनेकवार सांगून झाली आहे. परंतु मुंबईत गायिलेली एक भैरवी त्या तांब्याच्या तबकडीपर्यंत पोहोचली कशी, मधल्या काळात तिच्यावर कोणकोणत्या हातांनी कोणते संस्कार केले, आणि आज आपण जे ऐकतो ते केसरबाईंचे किती व त्या हातांचे किती, याचा विचार सहसा केला जात नाही. जुन्या ध्वनिमुद्रिकांच्या जीर्णोद्धाराचा हा विषय देवस्थानच्या स्मरणिकेत कशासाठी, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर लेखाच्या ओघात येईल.

प्रथम तबकडीचे द्रव्य पाहू. मिनिटाला अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांची जी जुनी ‘प्लेट’ आपल्या घरांतून चावीच्या फोनोवर वाजत असे, ती लाखेची असे. पळस, कुसुंब, बोर या झाडांच्या फांद्यांवर लाखेचे किडे जो राळेसारखा थर घालतात तो खरवडून, वितळवून, गाळून ही लाख तयार होते. छोटा नागपूरच्या रानांतली ही लाख जगभरच्या ध्वनिमुद्रिकांच्या कारखान्यांना जात असे. दुसऱ्या महायुद्धात तिची एवढी चणचण भासली की, अमेरिकेच्या सरकारने १९४२ साली बिगर-लष्करी कामासाठी लाखेचा वापर सत्तर टक्क्यांनी कमी करविला आणि जुन्या तबकड्या गोळा करून त्या वितळवून नव्या छापण्याची पाळी आली. प्रत्यक्ष तबकडीत मात्र लाख पाचव्या हिश्शाच्या आसपासच असे. उरलेला भाग दगडाची बारीक पूड, कापसाचे तंतू व काजळी यांचा. ही दगडाची पूड मुद्दाम घालीत. पोलादी सुई पहिल्या काही फेऱ्यांतच तिच्यावर घासून खाचेच्या मापाची व्हावी, हा त्यामागचा हेतू. म्हणून सुई दर बाजूस नवी लावावी असा कंपन्यांचा आग्रह असे. आपल्या घरांतून तो किती पाळला गेला हे वडीलधाऱ्यांना विचारावे! काटकसरीपायी एकच सुई आठवडाभर चाले, आणि अशी बोथट सुई खाचेच्या भिंती खरवडून काढी. ज्या मुद्रिका लोकांना सर्वांत प्रिय, त्याच सर्वांत अधिक झिजल्या.

हिंदुस्थानात ध्वनिमुद्रणाचा व्यवसाय सुरू झाला तो १९०२ च्या नोव्हेंबरात, कलकत्त्यास. ग्रामोफोन कंपनीचा तंत्रज्ञ फ्रेड गायसबर्ग याने तेथे गौहरजान प्रभृती गायिकांच्या मुद्रिका घेतल्या. याच गायसबर्गने त्याच वर्षीच्या एप्रिल महिन्यात मिलान येथे एन्रिको कारूसो या तरुण इटालियन गायकाचा आवाज मुद्रित केला होता. हा योगायोग ध्यानात ठेवावा, पुढे त्याचा उपयोग होणार आहे. त्या वेळी वीज नव्हती, ध्वनिग्राहक नव्हता. गायकाने पत्र्याच्या कर्ण्यात तोंड घालून गावे, कर्ण्याच्या टोकाची पातळ चकती थरथरावी, आणि त्या थरथरीने सुईने मेणाच्या जाड तबकडीवर रेघ कोरावी, अशी ती रीत. या मेणावर शिशाची म्हणजे ग्राफाइटची पूड फासून विद्युत्-विलेपनाने तांब्याचा थर चढवीत. तो उचलला की उलटा साचा मिळे. त्यावरून सुलटा, सुलट्यावरून पुन्हा उलटा, आणि या शेवटच्या उलट्या ठशाखाली गरम लाखेचा गोळा दाबला की प्लेट तयार. म्हणजे बाजारातली तबकडी ही मूळ मेणाच्या नकलेच्या नकलेची नकल. आरंभी मेणाच्या तबकड्या छापण्यासाठी जर्मनीतील हॅनोव्हरला धाडाव्या लागत. गाणे संपताच गौहरजान स्वतःचे नाव इंग्रजीत मोठ्याने उच्चारते, ते तेथील कामगारांना लेबल लावताना कळावे म्हणून, असे अभ्यासक सांगतात. १९०८ मध्ये कलकत्त्यातच सियालदा येथे कारखाना निघाला.

कर्ण्याच्या पद्धतीत खर्जाचे व अतितारतेचे नाद जवळजवळ उमटतच नसत. सेकंदाला साधारण अडीच हजार कंपनांच्या वरचा भाग हरवे. त्यामुळे तंबोरा असून नसल्यासारखा, आणि आवाज कर्ण्याच्या स्वतःच्या घुमाऱ्याने रंगलेला. १९२५ मध्ये पाश्चात्त्य देशांत ध्वनिग्राहक व विजेची पद्धती आली, आणि पुढील काही वर्षांत ती आपल्याकडेही रुळली. केसरबाईंच्या एच.एम.व्ही. व ब्रॉडकास्ट या छापांच्या मुद्रिका आपल्यापर्यंत आल्या त्या या घडामोडींच्या काळातल्या.

केसरबाईंची तालीम वाचकांना ठाऊकच आहे. लहान वयात कोल्हापुरास अब्दुल करीम खाँसाहेबांकडे थोडे दिवस, मग लामगावास रामकृष्णबुवा वझे यांच्याकडे, पुढे मुंबईत बर्कतुल्ला खाँ व भास्करबुवा बखले यांच्याकडे काही काळ, आणि अखेर १९२१ पासून अल्लादिया खाँसाहेबांकडे, ती १९४६ साली खाँसाहेब पैगंबरवासी होईपर्यंत. जयपूर-अत्रौली घराण्याची ही गायकी म्हणजे एकात एक गुंफलेल्या पेचदार फिरतींची; तिला विस्ताराला अवकाश हवा. खुद्द अल्लादिया खाँसाहेबांची आणि भास्करबुवांची बाजारी मुद्रिका नाही. केसरबाईंनी मुद्रिका दिल्या, पण दहा इंची प्लेटच्या एका बाजूस तीन-साडेतीन मिनिटांपलीकडे जागा नाही. दोन घटका चालणारा राग एवढ्यात बसवायचा तर बढत बाजूला ठेवून बंदिशीचे तोंड, दोनचार आवर्तने आणि तानांचा निवडक अर्क एवढेच देता येते. काही जाणकार या मुद्रिकांना ‘नमुन्याची पुडी’ म्हणून नाक मुरडतात. मला ते पटत नाही. मर्यादा ठाऊक असलेल्या कलावंताने काय टाकले व काय ठेवले, हे त्या तीन मिनिटांत जितके स्पष्ट दिसते तितके तीन तासांच्या बैठकीतही दिसत नसेल. मात्र त्यासाठी ती तीन मिनिटे मुळाबरहुकूम हाती आली पाहिजेत. येथूनच जीर्णोद्धाराचे काम सुरू होते.

या कामाचा पहिला नियम हा की, प्रत शोधा. कारखान्यातला धातूचा साचा सुस्थितीत मिळाला तर त्यावरून नवी, न खरवडलेली प्रत काढता येते. तो नसेल तर कोणाच्या तरी घरातली लाखेची प्लेट हाच आधार; आणि एकाच मुद्रिकेच्या तीनचार प्रती मिळाल्या तर उत्तम, कारण एकीची सुरुवात झिजलेली तर दुसरीचा शेवट. त्यानंतर सुई. एल.पी.ची सुई टोकाशी एका इंचाच्या हजाराव्या भागाएवढी असते. अठ्ठ्याहत्तरच्या खाचेला तिच्या सुमारे तिप्पट रुंदीची लागते. कसबी तंत्रज्ञ दोनपासून चार सहस्रांशांपर्यंतच्या अनेक सुया बाळगतो. जुन्या पोलादी सुईने खाचेच्या भिंतीचा एक पट्टा खरवडला असेल, तर किंचित जाड किंवा किंचित बारीक सुई त्याच भिंतीच्या वरच्या वा खालच्या कोऱ्या पट्ट्यावर बसते आणि गेलेला वाटणारा आवाज पुन्हा ऐकू येतो. कसलेही गणकयंत्र न वापरता केवळ सुईच्या निवडीने जे साधते, ते पुढे कशानेही साधत नाही.

मग फेऱ्यांचा प्रश्न. आमच्या मते हाच सर्वांत नाजूक. ‘अठ्ठ्याहत्तर’ ही संख्या फार उशिरा स्थिरावली. जुन्या मुद्रिका सत्तरपासून ऐंशीच्या पलीकडेपर्यंत कोणत्याही गतीने घेतलेल्या असू शकतात, आणि लेबलावर गती क्वचितच छापलेली असते. पंचाहत्तर फेऱ्यांनी घेतलेली प्लेट ऐंशीवर वाजविली तर काळी एकचे गाणे पांढरी दोनच्याही किंचित वर चढते. सूर चढतो तशी लय चढते, आणि त्याहून वाईट म्हणजे आवाजाची जात बदलते. केसरबाईंचा आवाज भरदार, खुल्या आकाराचा. गती वाढली की तोच आवाज पातळ, बालिश होतो आणि तानेतले दाणे एकमेकांवर आदळतात. ऐकणाऱ्याला वाटते, जुन्या काळी बायका अशाच चिरक्या आवाजात गात! हा दोष गायिकेचा नसून फिरकीचा असतो. योग्य गती ठरविण्यासाठी साथीच्या पेटीचा सूर ताडून पाहावा लागतो, गायिका कोणत्या पट्टीत गात असे हे जाणत्यांना विचारावे लागते, एकाच बैठकीतल्या दोन मुद्रिका एकमेकींशी जुळवाव्या लागतात. विजेच्या पद्धतीच्या काही मुद्रणांत विद्युत्-प्रवाहाचा सेकंदाला पन्नास कंपनांचा गुणगुणाट नकळत उमटलेला असतो. एरवी उपद्रवी असलेला हा गुणगुणाट गतीच्या मोजमापाला साक्षीदार म्हणून उभा करता येतो.

यानंतर खर्ज आणि तार यांचे संतुलन. विजेच्या मुद्रणात खर्जाचे नाद मुद्दाम दबते कोरीत, नाही तर खाच शेजारच्या खाचेत घुसे. वाजविताना ते पुन्हा उचलून घ्यावे लागतात. किती उचलायचे याचे प्रत्येक कंपनीचे प्रमाण निराळे होते, ‘आर.आय.ए.ए.’ या नावाचे एक सर्वमान्य प्रमाण ठरले ते १९५४ च्या सुमारास. आजच्या यंत्रात हेच प्रमाण बसविलेले असते आणि त्यावर जुनी प्लेट लावली की तारतेचा भाग दबून आवाज घोंगडीतून आल्यासारखा येतो. पुष्कळ ठिकाणी एवढ्यानेच जुन्या गायकांना ‘मंद आवाजाचे’ ठरविले गेले आहे.

आता खरखर. लोकांना जीर्णोद्धार म्हटला की खरखर काढणे एवढेच आठवते, आणि सर्वांत जास्त नासाडी येथेच होते. फितीच्या काळात तंत्रज्ञ फीत हाताने मागेपुढे सरकवून नेमकी टकटक कोठे आहे ते शोधीत आणि तो केसाएवढा तुकडा ब्लेडने कापून टोके चिकटवीत. १९७६ मध्ये टॉमस स्टॉकहॅम या अमेरिकन शास्त्रज्ञाने गणकयंत्राच्या साह्याने कारूसोच्या कर्ण्याच्या काळातील मुद्रणांतून खुद्द कर्ण्याचा घुमारा वेगळा करून दाखविला, आर.सी.ए. कंपनीने ती मुद्रिका प्रसिद्ध केली. गायसबर्गने मिलानमध्ये ज्याचा आवाज घेतला होता तोच हा कारूसो. पुढे ब्रिटनच्या राष्ट्रीय ध्वनिसंग्रहालयाच्या प्रेरणेने केंब्रिज विद्यापीठात झालेल्या संशोधनातून १९८८ साली ‘सीडर’ ही संस्था निघाली, आणि टकटक ओळखून तेवढी जागा आजूबाजूच्या नादावरून भरून काढणारी यंत्रे सर्वत्र पसरली.

ही यंत्रे पाश्चात्त्य संगीत नजरेसमोर ठेवून घडली. आपल्या गाण्यात ती कोठे फसतात हे कान देऊन ऐकण्याजोगे आहे. तबल्याच्या चाटीवरचा कडक आघात यंत्राला टकटकीसारखाच भासतो. तो बोथट होतो. तंबोऱ्याची जवारी म्हणजे तारतेच्या असंख्य सूक्ष्म नादांचा झणत्कार. यंत्राच्या हिशेबी ती सूं-सूं आवाजाची भावंड, म्हणून खरखरीबरोबर जवारीही धुतली जाते. गायिकेने समेच्या आधी घेतलेला श्वास, ‘स’, ‘श’ यांची उष्म वर्णांची धार, तान संपतानाचा विरत जाणारा आकार, या साऱ्यांना कात्री लागते. उरतो तो गुळगुळीत, पाण्याखालून आल्यासारखा आवाज. खरखर नाही म्हणून ग्राहक खूश आणि मुद्रिका ‘स्वच्छ’ म्हणून विकली जाते. उलट बाजूही सांगितली पाहिजे. प्लेटवर एकच आडवा ओरखडा असेल तर तो मिनिटाला अठ्ठ्याहत्तर वेळा ठोका देतो; हा ठोका गाण्याच्या लयीला छेद देऊन कानाला इतका चकवतो की, गायिका लयीत नाही असे वाटू लागते. असा ओरखडा काढलाच पाहिजे. खरखर मुळीच काढू नये म्हणणारे जे थोडे हट्टी संग्राहक आहेत त्यांच्याशी माझे जमत नाही.

प्रस्तुत लेखकाची सारी नोकरी कचेरीत जुन्या दस्तऐवजांच्या नकला उतरविण्यात व ताडण्यात गेली. तेथे एक दंडक होता. मुळातला शब्द कसरीने खाल्ला असेल तर अंदाजाने भरायचा नाही; जागा रिकामी सोडून ‘येथे कागद फाटला आहे’ असे लिहायचे. नकल देखणी होण्यापेक्षा ती मुळाबरहुकूम असणे महत्त्वाचे. ध्वनिसंग्राहकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने घालून दिलेले नियम वाचले तेव्हा हाच दंडक तेथे भेटला. प्लेटवरून प्रथम जी प्रत घ्यायची ती कसलीही सफाई न करता, सेकंदाला शहाण्णव हजार नमुने व चोवीस बिटांच्या तपशिलाने घ्यावी व तशीच जपावी. सफाई जी करायची ती दुसऱ्या प्रतीवर. म्हणजे उद्याच्या तंत्रज्ञाला आजच्या तंत्रज्ञाची चूक पुसता येते. आपल्या काही देवळांत जुने कोरीव लाकडी खांब उतरवून गुळगुळीत फरशी बसविली गेली; ते खांब आज मागितले तर कोठून आणणार? लाखेच्या बाबतीत तेवढी सोय अजून शिल्लक आहे.

व्हॉयेजरच्या तबकडीकडे पुन्हा वळू. कार्ल सेगन यांच्या समितीला ही भैरवी सुचविली ती रॉबर्ट ब्राउन या संगीतशास्त्रज्ञाने. पण सुचविणे सोपे, मुद्रिका मिळणे कठीण; ती बाजारातून नाहीशी झाली होती. अखेर अॅन ड्रुयान यांना ती न्यूयॉर्कमधील एका भारतीय कुटुंबाच्या दुकानात, मेजाखालच्या खोक्यात सापडली, आणि त्याही न उघडलेल्या तीन प्रती. ज्या प्रतीवर कोणाची बोथट सुई फिरली नव्हती अशी प्रत मिळाली, हे केसरबाईंचे भाग्य म्हणावे की आपले? तेथून फितीवर, फितीवरून साच्यावर, साच्यावरून तांब्यावर असा तो प्रवास झाला. क्रमात ही भैरवी शेवटून तिसरी आहे; तिच्यामागून एक अंध निग्रो गायक व मग बेथोव्हेन. बैठक भैरवीने संपवायची असते हे त्या समितीला बहुधा ठाऊक नसावे; तरीही जागा फारशी चुकली नाही. त्याच तबकडीवर पंचावन्न भाषांतील अभिवादने आहेत. त्यांत मराठी आहे आणि पोर्तुगीजही आहे. लिसेवात शिकलेल्या माझ्यासारख्याला याचे कौतुक वाटल्यास नवल नाही. कोंकणी मात्र नाही.

या तबकडीचे मला सर्वांत भावलेले अंग म्हणजे तिचे आवरण. तिच्यासोबत सुई दिलेली आहे, आणि ती कोठे टेकवायची व तबकडी किती वेगाने फिरवायची, हे कोणत्याही भाषेच्या आधाराविना, हायड्रोजनच्या अणूच्या स्पंदकालाच्या मापात कोरून ठेवले आहे : एका फेरीस ३.६ सेकंद, म्हणजे मिनिटास सोळा पूर्णांक दोन तृतीयांश फेऱ्या. परग्रहावरच्या श्रोत्याने केसरबाई चुकीच्या पट्टीत ऐकू नयेत याची एवढी काळजी! कलकत्त्याच्या कारखान्याने लेबलावर दोन आकडे छापले असते तर आमच्या कितीतरी गायिका चिरक्या ठरल्या नसत्या. २०१७ मध्ये या संग्रहाची मुद्रिका सर्वसामान्यांसाठी निघाली तेव्हा, तबकडीचे मूळ निर्माते टिमोथी फेरिस यांच्या देखरेखीखाली, संग्रहात जपलेल्या मूळ फितींवरून ती नव्याने सिद्ध करण्यात आली. मूळ फीत चाळीस वर्षे फेकून दिली गेली नाही म्हणून हे शक्य झाले.

आता देवस्थानशी या विषयाचा संबंध. महाजनांची नोंदवही कशी राखायची हे १८८६ च्या व पुढे १९३३ च्या रेग्युलामेंताने ठरविले, आणि त्या वह्यांतून आपापल्या वाडवडिलांची नावे आपण अभिमानाने दाखवितो. पालखीपुढे, सभामंडपात, चौकात ज्यांचे गाणे झाले त्या कलावंत घराण्यांतील स्त्रियांची नावे त्या वह्यांत नाहीत. नियमच तसा होता. त्यांची नावे लिहून ठेवली ती लाखेच्या तबकडीवरल्या कागदी लेबलांनी, आणि बहुधा गावासह : केरकर, कुर्डीकर. मोगूबाईंचे कुर्डी तर साळावली धरणाच्या पाण्याखाली गेले. उन्हाळ्यात पाणी ओसरले की महिनाभर त्याची जोती दिसतात. या बायकांनी आपल्या देवळांत काय गायिले याचा दुसरा कागद आपणाकडे नाही. तेव्हा माळ्यावरच्या पेटाऱ्यातील प्लेटा भंगारवाल्याकडे जातात त्या वेळी नुसती अडगळ जात नसते.

अशा प्लेटा ज्यांच्या घरी असतील त्यांनी त्या आडव्या रचून न ठेवता कडेवर उभ्या ठेवाव्यात, उन्हापासून दूर. लाख उष्णतेने वाकते. चावीच्या फोनोवर त्या हौसेने वाजवून पाहू नयेत. बुरशी आली असेल तर मऊ कुंचल्याने झटकावी. पुष्कळ जण स्पिरिटचा बोळा फिरवितात, तो मात्र कटाक्षाने टाळावा, कारण लाख स्पिरिटात विरघळते आणि त्याबरोबर खाचही जाते. फुटलेल्या प्लेटचे तुकडे टाकू नयेत. ते जुळवून आवाज काढता येतो. मुंबईत १९९० पासून जुन्या ध्वनिमुद्रिकांच्या संग्राहकांची एक सोसायटी असून दिल्लीनजीक गुरगाव येथेही संगीताचा मोठा संग्रह आहे. प्रत कोणालाही द्या, पण देण्यापूर्वी लेबलावरील मजकूर, मुद्रिकेचा क्रमांक आणि लेबलाशेजारी लाखेत कोरलेला बारीक आकडा वहीत उतरवून घ्यावा, आणि ती कोणाच्या घरातून, कोणत्या वाड्यावरून आली हेही त्याखाली लिहावे.